ब्रेक सोडताना कळलेल्या गाड्या

आरेमबर्गच्या वळणाआधी ब्रेक मारला की गाडी खरी काय आहे ते कळतं. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, म्हणजे नॉर्डश्लाइफवर, श्वेडनक्रॉइझ नावाचं एक वेगवान डावं वळण आहे. ते एका उंचवट्यावरून जातं, त्यामुळे पलीकडचं आधी दिसत नाही. गाडी तिथून उतरते तेव्हा डावीकडचा झोल अजून पूर्ण गेलेला नसतो, आणि लगेच पुढे आरेमबर्गचं घट्ट उजवं वळण येतं. ताकदवान गाडीत इथला वेग २०० च्या पुढे असतो. गाडी पुरती सरळ होण्याची वाट न पाहता ब्रेकवर जावं लागतं, मग ब्रेक हळूहळू सोडत उजवीकडे वळायचं. ते सोडण्याचे क्षण मला सगळ्यात मोलाचे वाटतात. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे कंपनीच्या पत्रकात छापलेलं असतंच.

मी ब्रेकच्या कामात आहे. आधी चाकणला होते, आता काही वर्षं ऱ्हाइनच्या काठी. आइफेलच्या डोंगरातला हा ट्रॅक इथून गाडीने जवळ आहे. १९२७ मध्ये तो सुरू झाला. एक फेरी २०.८३२ किलोमीटरची, सत्तरच्या वर वळणं, आणि सगळ्यात खालच्या व सगळ्यात वरच्या टोकात सुमारे ३०० मीटरचा फरक. ठरलेल्या दिवशी तो कोणालाही पैसे भरून चालवता येतो. तेव्हा कायद्याने तो एकेरी टोल रस्ता असतो: ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि वेळ मोजायला मनाई. म्हणून या लेखात एकाही फेरीची माझी वेळ नाही. यातल्या बहुतेक गाड्या मी आजूबाजूच्या गावांतून भाड्याने घेतल्या, त्यामुळे काहींत पॅड आणि ब्रेक फ्लुइड ट्रॅकसाठी बदललेले होते. वाचताना हे लक्षात असू द्या.

आधी एक हिशोब. गाडी थांबवायची म्हणजे तिच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलायची. ही ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. माणसासकट १८०० किलोची गाडी २०० च्या वेगावरून पूर्ण थांबवली तर साधारण २८ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात आठ लिटर थंड पाण्याला उकळी येईल. साडेअकराशे किलोच्या गाडीला १६० वरून थांबवलं तर हाच आकडा ११ लाखांच्या आसपास येतो. ट्रॅकवर एका फेरीत हे पुन्हा पुन्हा घडतं. वजन हा माझ्यासाठी पहिला आकडा आहे तो यामुळे. हॉर्सपॉवर नंतर.

सुरुवात माझदा एमएक्स-५ पासून. दोन लिटरचं इंजिन, १८४ हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे सहा गिअर, आणि वजन टनाहून जेमतेम थोडं जास्त. या गाडीचे स्प्रिंग मऊ आहेत. ब्रेक मारला की नाक खाली जातं, वळवली की अंग कलतं, ब्रेक सोडला की नाक वर येतं. काहींना हे ढिलं वाटतं. मला उलट वाटतं. वजन कुठून कुठे गेलं हे इथे डोळ्यांना दिसतं आणि पाठीला कळतं. हात्सेनबाखच्या पट्ट्यात डावं-उजवं-डावं अशी वळणं लागोपाठ येतात, आणि तिथे प्रत्येक वळणात गाडीला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जायला थोडा वेळ द्यावा लागतो. तो वेळ द्यायला ही गाडी शिकवते. ब्रेक एकदम सोडला तर पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी बाहेर जाते. हळू सोडला तर नाक वळणात धरून राहतं. नव्या माणसाला हे शिकवायला मी दुसरी गाडी सुचवणार नाही.

उणीव एकच, आणि ती ट्रॅकमुळे. बेर्गव्हेर्कनंतर केसेलशेनचा लांबलचक चढ लागतो. तिथे १८४ हॉर्सपॉवर संपून जातात, आणि मग निम्मं लक्ष आरशात ठेवावं लागतं.

टोयोटा जीआर८६ हा त्याच्या पुढचा टप्पा. २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे इंजिनाचा भार जमिनीजवळ राहतो. युरोपात २३४ हॉर्सपॉवर, वजन तेराशे किलोच्या आत, मागे टॉर्सन डिफरन्शिअल, म्हणजे दोन मागच्या चाकांत ताकद वाटणारा यांत्रिक भाग. ही गाडी सुबारू बनवते आणि इंजिनही त्यांचंच. हिची खरी मजा ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जातो त्या जागी आहे. मागची चाकं तिथे किंचित बाहेर सरकायची तयारी दाखवतात, पण दचकवत नाहीत. सरकायला लागली की किती, ते बसल्या जागी समजतं. आडेनाउअर फॉर्स्टच्या आखूड डाव्या-उजव्या जोडीत मी हिला सगळ्यात जास्त एन्जॉय केलं आहे. आइफेलच्या पावसातही. इथला पाऊस लहरी आहे: ट्रॅकच्या एका टोकाला सडा पडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला धूळ उडत असते. अशा दिवशी गाडीने हळूहळू इशारा देणं फार महत्त्वाचं ठरतं.

इंजिनाचा आवाज मात्र मला आवडत नाही. केबिनमध्ये तो स्पीकरमधून वाढवून ऐकवतात, त्याची गरज नव्हती.

आता अल्पिन ए११०. हिच्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण गाडी बनवण्याचं एक वेगळं गणित त्यात आहे आणि ते मला मनापासून पटतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या द्येप गावात ती बनवली गेली. जुन्या ए११० ने १९७३ साली निर्मात्यांची पहिली जागतिक रॅली स्पर्धा जिंकली होती. नवी २०१७ मध्ये आली: अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, सीटमागे १.८ लिटरचं टर्बो इंजिन, २५२ हॉर्सपॉवर, आणि वजन सुमारे ११०० किलो.

गणित असं. गाडी हलकी ठेवली तर स्प्रिंग मऊ ठेवता येतात, अँटी-रोल बार (वळणात गाडी फार कलू न देणारे दांडे) बारीक ठेवता येतात, ब्रेक लहान चालतात, टायर अरुंद चालतात. यातली प्रत्येक गोष्ट पुन्हा वजन कमी करते. जड गाडीत हेच चक्र उलटं फिरतं. ब्रेकच्या बाबतीत तर त्यांनी एक काम असं केलं आहे की मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा चाकाआड डोकं घालून बराच वेळ बसले होते. मागच्या चाकांना पार्किंग ब्रेकसाठी सहसा वेगळा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तरी लावतात किंवा सोपी, कमी ताकदीची रचना तरी करतात. ब्रेम्बो या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीने इथे पार्किंग ब्रेकची विजेची मोटर मुख्य मागच्या कॅलिपरमध्येच बसवली आणि अडीच किलो वाचवले. अडीच किलो ऐकायला काहीच नाही. पण हे वजन चाकापाशी आहे, स्प्रिंगच्या खाली. खड्ड्यावरून जाताना चाक जितकं हलकं तितकं ते रस्त्याला लवकर चिकटतं.

आणि नॉर्डश्लाइफ खड्ड्यांचाच नाही तरी लाटांचा ट्रॅक आहे. फुक्सरोरमध्ये गाडी वेगात डोंगर उतरते आणि तळाशी एकदम दाबली जाते. कडक गाडीत तिथे मणका ओरडतो. अल्पिन तळाशी बसते, हायड्रॉलिक बंपस्टॉप तो शेवटचा दाब गिळतात, आणि ती वर येते तेव्हा चारही चाकं जमिनीवर असतात. तिथून वर चढत जाऊन पुन्हा जोरात ब्रेक मारायचा असतो. पेडल मऊ नाही आणि दगडही नाही. वजन सीटमागे असल्यामुळे नाक फार खाली जात नाही, आणि ब्रेक सोडत वळवलं की गाडी जणू तुमच्या कमरेभोवती फिरते. एमएक्स-५ मध्ये वळण्याचा केंद्रबिंदू पायांपुढे कुठेतरी जाणवतो. इथे तो माझ्याच जागी होता.

एक गोष्ट ब्रेकवाल्याच्या नजरेतून सांगायला हवी. या गाडीला यांत्रिक लॉकिंग डिफरन्शिअल नाही. वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक मोकळं फिरायला लागलं की गाडीचा कॉम्प्युटर त्या चाकाला ब्रेक लावून ताकद बाहेरच्या चाकाकडे ढकलतो. म्हणजे तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवर असतानाही मागचा पॅड तापत असतो. कोरड्या ट्रॅकवर नीट चालवलं तर फरक पडत नाही. घाईघाईने लवकर ताकद दिली तर मागच्या ब्रेकला विश्रांती मिळत नाही. हिच्यात थोडा धीर धरून अ‍ॅक्सिलरेटर द्या. गिअर हाताने टाकता येत नाहीत, ड्युअल क्लचच आहे. मला त्याचं दुःख झालं नाही, कारण माझं सगळं लक्ष डाव्या-उजव्या हाताकडे आणि ब्रेककडे होतं.

बीएमडब्ल्यू एम२ बद्दल थोडक्यात. सध्याच्या पिढीची गाडी ४६० हॉर्सपॉवर घेऊन आली, टॉर्क ५५० न्यूटन मीटर, तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. इंजिन अप्रतिम आहे, यात शंका नाही. केसेलशेनचा जो चढ एमएक्स-५ ला दमवतो तो हिला सपाट रस्त्यासारखा जातो. पण ऑटोमॅटिकचं वजन १७०० किलोच्या वर आहे. आरेमबर्गला ती अल्पिनपेक्षा खूप वेगात पोचते, आणि वरचा हिशोब तिथे पायात उतरतो. ब्रेक मोठे आहेत, थांबवतात. थांबवणं ही अडचण नाही. ब्रेक सोडताना वजन मागे परतायला वेळ घेतं, आणि ते परतेपर्यंत पुढचे टायर एकाच वेळी थांबवण्याचं आणि वळवण्याचं काम करत असतात. मग चालवणारा नकळत ब्रेक सरळ रेषेत संपवायला लागतो, थांबतो, आणि नंतर वळवतो. सुरक्षित आहे, वेगवानही आहे. मला हवा तो संवाद त्यात राहत नाही. ऑटोबानवरून रोज घरी जायला आणि महिन्यातून एखादी फेरी मारायला मात्र यातली हीच घ्या.

इथे घाटाचा विषय काढते, कारण पुण्याहून येणारे पाहुणे हमखास तो काढतात. माझे वडील पसरणी घाट उतरताना म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर उभी राहू नकोस. शंभर टक्के बरोबर. घाट उतरताना ब्रेक थोडा थोडा पण सतत लागलेला असतो, वेग कमी असल्यामुळे वारा लागत नाही, आणि उष्णता साठत जाते. ट्रॅकवर उलट: दोनतीन सेकंद जबरदस्त दाब, मग मोकळं पळताना डिस्कवर वाऱ्याचा झोत. नॉर्डश्लाइफवरही व्हेरझाइफनचा उतार आहे, तिथे खाली आडेनाउ गावाकडे जाताना ब्रेकला आराम मिळत नाही. भाड्याच्या गाडीचं पेडल पहिल्या फेरीत तिथेच तपासते. खाली ब्राइडशाइडच्या पुलापाशी पेडल आधीपेक्षा खोल गेलं तर ती फेरी सावकाश पुरी करायची.

पोर्श ७१८ केमन जीटी४. ब्रेकचं पेडल कसं असावं, हे मला कोणी विचारलं तर मी या गाडीत बसवेन. पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर, पुढेमागे ३८० मिलिमीटरच्या बीडाच्या डिस्क. पेडल कडक आहे आणि जवळजवळ हलतच नाही. रोजच्या गाडीत आपण पेडल किती खाली गेलं यावरून ब्रेक मोजतो. इथे पाय किती जोर लावतो यावरून मोजायचा. माणसाच्या पायाला अंतरापेक्षा जोर जास्त बारकाईने कळतो, आमच्या कामात हे रोज दिसतं. त्यामुळे आरेमबर्गला ब्रेक सोडताना तो कणाकणाने सोडता येतो. ८० किलोचा जोर ७० वर, ५० वर, २० वर, आणि त्या प्रत्येक टप्प्याला नाक थोडं थोडं आत येतं. मधोमध बसवलेलं चार लिटरचं सहा सिलिंडर, टर्बो नाही, ४२० हॉर्सपॉवर, मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत फिरणारं. स्टिअरिंगमधून रस्त्याचा खरखरीतपणासुद्धा हाताला लागतो.

टीका करायची तर गिअरवर. ते फार लांब आहेत. दुसऱ्या गिअरमध्येच गाडी १३० च्या पुढे जाते. इतकं सुंदर फिरणारं इंजिन त्यामुळे बऱ्याच वळणांत मधल्याच कुठल्यातरी फेऱ्यांवर अडकून राहतं. दुसरं म्हणजे टायर. मिशलिनचे कप २ कोरड्यात आणि गरम असताना जमिनीला धरून ठेवतात, थंडीत किंवा पाणी साचल्यावर त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. ट्रॅकवर जागोजागी चाहत्यांनी रंगाने नावं लिहिलेली आहेत, ओला रंग आणि हे टायर ही जोडी वाईट.

पोर्श ९११ जीटी३ बद्दल लिहिताना मला स्वतःला आवरावं लागतं. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे सुमारे साठ टक्के वजन मागे. कागदावर ही जागा चुकीची दिसते. ब्रेक मारल्यावर तिचा अर्थ लागतो. ब्रेकमध्ये वजन पुढे सरकतं. पुढे-मागे सारखं वजन असलेल्या गाडीत जोराच्या ब्रेकला पुढच्या चाकांवर सत्तर टक्क्यांच्या जवळ भार जातो, मागचे टायर नुसते सोबत येतात. ९११ मध्ये तेवढंच वजन सरकलं तरी पुढे साठाच्या आसपास येतं. चारही टायर थांबवायला हातभार लावतात. हे मी कितीदा गणितात मांडलं होतं, पण सीटमध्ये बसून आरेमबर्गला ब्रेक मारला तेव्हा ते वेगळंच होतं. नाक डुबत नाही, गाडी पूर्ण अंगाने खाली बसते.

९९२ पिढीच्या जीटी३ ला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन दिलं, म्हणजे प्रत्येक चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म. ९११ च्या रस्त्यावरच्या गाडीत ते पहिल्यांदाच आलं. फायदा असा की गाडी कलली तरी पुढचं चाक जमिनीला नीट टेकून राहतं, आणि ब्रेक मारताना उंचवटा आला तर स्टिअरिंग हाताला झटका देत नाही. ५१० हॉर्सपॉवर, ९००० पर्यंत फिरणारं इंजिन. पोर्शच्या चालकाने या ट्रॅकची पूर्ण फेरी सात मिनिटांच्या आत मारली. आणि माझी अडचण नेमकी इथे आहे. ही गाडी ज्या वेगाला जागी होते तो वेग टूरिस्ट फेऱ्यांच्या गर्दीत, मोटारसायकली आणि पाहुणे मंडळी घेऊन निघालेल्या स्टेशन वॅगनच्या मधे, योग्य नाही. बंद ट्रॅक डे असेल, सोबत शिकवणारा असेल, तरच तिच्यावर पैसे घाला. त्या दिवशी मात्र यादीतली दुसरी कुठलीच गाडी तिच्या जवळ येत नाही.

विजेच्या गाडीचा अनुभवही नोंदवते: ह्युंदाई आयोनिक ५ एन. २२०० किलोची गाडी, हिला स्पोर्ट्स कार म्हणावं का हे तुम्ही ठरवा. माझं कुतूहल ब्रेकमुळे होतं. मोटरच जनरेटरसारखी चालून ०.६ जी पर्यंत (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) वेग कमी करते, म्हणजे जोराच्या ब्रेकचा मोठा वाटा डिस्कपर्यंत पोचतच नाही. मोटरचा ब्रेक कुठे संपला आणि पॅडचा कुठे सुरू झाला, हे पायाला कळू न देणं फार अवघड काम आहे, आणि त्या टीमने ते खरोखर चांगलं केलं आहे. वजन मात्र वळणात लपत नाही.

म्हणजे मी कोणती घेईन? नॉर्डश्लाइफसाठी, स्वतःच्या पैशाने, अल्पिन. शिकायला येणाऱ्याला जीआर८६, अगदी नवख्याला एमएक्स-५. या तिघींपैकी एकीचीही भारतात अधिकृत विक्री झालेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुण्या-मुंबईत एम२ आणि पोर्श मिळतात, पण ज्या हलक्या गाड्यांवर माणूस शिकतो त्याच मिळत नाहीत. तरी चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट आहे. घरची स्विफ्ट किंवा पोलो घेऊनही ट्रॅक डेला जाता येतं, आणि ब्रेक सोडण्याचं जे वर लिहिलं ते तिच्यातही तितकंच लागू आहे.

जाणार असाल तर आधी ब्रेक फ्लुइड बदला. डॉट ४ फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं. ते हवेतली आर्द्रता शोषत जातं, आणि पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी प्रमाणात ठरवलेली किमान मर्यादा १५५ आहे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेली गाडी तशीच ट्रॅकवर नेऊ नका. फ्लुइड उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. पॅडची जाडी चाक काढून बघा. शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, सावकाश मारा, म्हणजे डिस्क थंड होतील. पार्किंगमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवला तर त्या जागी पॅडचा थर बसतो आणि पुढे प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरत राहतं.